ठिसूळ हाडं ओळखायची तर सुरुवात टेप आणि वजनकाट्यापासून

पन्नाशी ओलांडलेली बाई न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरून घसरते, तोल सावरायला हात टेकते आणि मनगट मोडतं. डॉक्टर एक्स-रे काढतात, हाड बसवून प्लास्टर घालतात, दीड महिन्याने प्लास्टर कापतात, मुठीचे चार व्यायाम सांगतात आणि विषय संपतो. पुण्यात पेठेतल्या छोट्या दवाखान्यापासून मोठ्या हॉस्पिटलांपर्यंत हे सर्रास चालतं, आणि हाडांच्या बाबतीत आपल्याकडे होणारी सगळ्यात मोठी चूक माझ्या मते हीच आहे. गाडीवरून नाही, जिन्यावरून नाही, नुसतं उभ्या-उभ्या पडून धडधाकट हाड मोडायला नको. मोडलं, तर ते आतून ठिसूळ झालं असण्याची दाट शक्यता धरायला हवी. म्हणजे हाडाची एक तपासणी फुकटात होऊन गेलेली असते. तिचा निकाल वाचायचा तेवढा राहून जातो.

म्हणून कुठल्याही मशीनच्या आधी स्वतःला, आईला, सासूबाईंना, मावशीला एक प्रश्न विचारा: पन्नाशीनंतर साध्या पडण्याने कधी काही मोडलं होतं का? मनगट, खांदा, खुबा, मणका, काहीही. उत्तर ‘हो’ असेल, तर पुढची आकडेमोड वाचत बसायची गरज नाही. हाडांच्या किंवा फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि त्यांना स्पष्ट विचारा, “हे ऑस्टिओपोरोसिसमुळे, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारामुळे मोडलं का, ते कसं तपासायचं?” एकदा मोडलेल्या माणसाचं दुसरं हाड मोडण्याचा धोका इतरांपेक्षा बराच वाढलेला असतो. आणि दुसरं हाड खुब्याचं असेल, तर गोष्ट मनगटासारखी दीड महिन्यात आटोपत नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांत एक जण वर्षभरात दगावतो, असं जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. जे वाचतात, त्यांतल्या अनेकांना पूर्वीसारखं एकट्याने बाहेर पडता येत नाही.

हाड जिवंत असतं, हे आपण विसरतो. त्यात जुना भाग खरवडून काढणाऱ्या पेशी असतात, तसा नवा भाग भरणाऱ्याही असतात. तिशीच्या आसपासपर्यंत भरण्याची बाजू वरचढ असते. पुढे काही वर्षं दोन्ही बाजू बरोबरीत चालतात आणि नंतर खरवडणं पुढे जातं. बायकांमध्ये इस्ट्रोजेन हे हार्मोन खरवडणाऱ्या पेशींना आवर घालतं. पाळी गेली की तो आवर सुटतो, आणि पहिल्या काही वर्षांत झीज झपाट्याने होते. भारतात पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. तेवढी वर्षं हाडं विनासंरक्षण जगतात.

त्यात आपल्याकडे गर्भपिशवी काढण्याचं प्रमाण मोठं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं, ते आठवत असेल. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर पस्तीस-चाळिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात कायमची जाते आणि हाडांची झीज तेव्हापासून सुरू होते. ही बाई पन्नाशीची होईल तेव्हा तिची हाडं साठीच्या पुढची असू शकतात. घरात अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर अंडाशयं ठेवली होती की काढली, ते जुन्या डिस्चार्ज कार्डावर बघून घ्या. कित्येक बायकांना हे सांगितलेलंच नसतं.

हाडांचा पाया तर त्याच्याही किती आधी घातला जातो, हे पुण्यातच दिसलं आहे. केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू केला. त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्या मुलांची हाडं मोजली. गरोदरपणात दूध, डाळी, पालेभाज्या, फळं असे पदार्थ ज्या आयांच्या खाण्यात वरचेवर होते, त्यांच्या मुलांची हाडं जास्त भरीव निघाली. म्हणजे आज साठीला आलेल्या बाईच्या हाडांत तिच्या आईच्या ताटाचाही वाटा असतो.

या सगळ्या झिजेचा पत्ता लागत नाही, कारण नुसत्या झिजण्याने हाड दुखत नाही. गुडघे दुखतात ते सांध्यांमुळे, तो आजार वेगळा. गुडघेदुखी आहे म्हणून हाडं ठिसूळ आणि काही दुखत नाही म्हणून हाडं मजबूत, हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

आता तपासणीकडे येऊ. हाडांची घनता मोजण्याची मान्य पद्धत म्हणजे डेक्सा. अगदी कमी ताकदीच्या दोन प्रकारच्या क्ष-किरणांनी खुब्याचं आणि कमरेच्या मणक्यांचं हाड मोजतात. पुण्यात याला साधारण दोन-तीन हजार रुपये पडतात, ठिकाणाप्रमाणे कमी-जास्त. कोथरूड-औंधच्या पेन्शनवाल्या घराला हे जमेल. वेल्ह्याहून किंवा आंबेगावहून येणाऱ्या शेतमजूर बाईला त्या खर्चात एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि सोबत आलेल्या माणसाचा रोज धरावा लागतो, कारण ही यंत्रं बहुतेक शहरांतच आहेत. पन्नाशीपुढच्या प्रत्येकीची डेक्सा करणं आपल्याला परवडणारं नाही, आणि तशी गरजही नाही. आधी मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळायचं, वर राहतील त्यांनाच बारीक चाळणीकडे न्यायचं. ही मोठी चाळणी जवळजवळ फुकट आहे.

अशा चाळणीने खरंच फरक पडतो का? ब्रिटनमध्ये ७० ते ८५ वयाच्या सुमारे साडेबारा हजार बायकांवर हे करून पाहिलं गेलं. निम्म्यांना नेहमीची वैद्यकीय सेवा, निम्म्यांना आधी प्रश्नावली, धोका जास्त दिसला तरच डेक्सा, आणि मग गरजेप्रमाणे औषध. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. चाळणी लावलेल्या गटात खुब्याची फ्रॅक्चर २८ टक्क्यांनी कमी होती. सगळ्या प्रकारची फ्रॅक्चर एकत्र धरली तर ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण खुबा वाचणं ही छोटी गोष्ट नाही.

चाळणीतलं सगळ्यात सोपं गणित आशियाई बायकांसाठीच तयार झालेलं आहे. त्याला ओस्टा म्हणतात, ते २००१ मध्ये मांडलं गेलं आणि ते पाळी गेलेल्या बायकांसाठी आहे. किलोतल्या वजनातून वय वजा करायचं, आलेल्या आकड्याला ०.२ ने गुणायचं, दशांश सोडून द्यायचा. उत्तर उणे १ पेक्षा वर असेल तर धोका कमी, उणे १ ते उणे ४ मध्ये असेल तर मध्यम, उणे ४ च्याही खाली गेलं तर जास्त.

करून बघू. सिंहगड रोडवर राहणाऱ्या एक काकू, वय ६६, वजन ४८ किलो. ४८ वजा ६६ म्हणजे उणे १८, गुणिले ०.२ म्हणजे उणे ३.६, दशांश सोडून उणे ३. मध्यम धोका, डेक्सा करून घेतलेली बरी. त्यांच्या थोरल्या जाऊबाई ७२ वर्षांच्या, वजन ४४. उत्तर उणे ५. धोका जास्त, डेक्सा लांबणीवर टाकू नये. शेजारच्या ताई ६२ वर्षांच्या, वजन ७० किलो, उत्तर अधिक १, धोका कमी. तोंडी हिशेब हवा असेल तर एवढं लक्षात ठेवा: वयाचा आकडा वजनाच्या आकड्यापेक्षा पाचाने किंवा त्याहून जास्त मोठा असेल, तर विचारायला जायचं.

हे गणित जिथे तयार झालं त्या अभ्यासात, हाडं खरोखर ठिसूळ असलेल्या दहा बायकांतल्या नऊ सापडल्या. पण हाडं ठीक असलेल्यांपैकीही निम्म्याहून थोड्या जास्त जणी ‘पुढे पाठवा’ या बाजूला आल्या. मोठ्या चाळणीकडून हीच अपेक्षा असते. चार जणी जास्त तपासल्या गेल्या तर चालेल, खरी आजारी बाई खाली पडायला नको. म्हणून ओस्टाचा आकडा वाईट आला म्हणजे आजार आहे, असं कुणी धरू नये.

आणि हे गणित चुकतं कुठे, तेही नीट समजून घ्या. वर सांगितलेल्या सत्तर किलोच्या ताईंना आमवात असेल आणि त्या कित्येक महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेत असतील, तर अधिक १ या आकड्याला काही अर्थ उरत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून जास्त चालल्या की हाडांचा विचार करावाच लागतो, मग वजन काहीही असो. गुडघेदुखीच्या नावाखाली मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या आणि काळ्या गोळ्या यांत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची उदाहरणं आपल्याकडे पुष्कळ सापडली आहेत. ‘पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी पळायला लागते’ असं कुणी सांगितलं, तर मला सगळ्यात आधी त्या माणसाच्या हाडांची काळजी वाटते. मधुमेहाचंही तसंच. टाइप २ मधुमेहात वजन बऱ्यापैकी असतं, हाडांची घनताही कित्येकदा चांगली दिसते, तरी हाड मोडण्याचा धोका जास्त असतो, कारण हाडाची प्रत बिघडलेली असते. पुण्यात घरटी मधुमेह असताना ही बाब कुठल्याही गणितावर सोडून चालणार नाही.

जास्त बारकाईने विचारणारी प्रश्नावली म्हणजे फ्रॅक्स. ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठात ती तयार झाली आणि २००८ पासून इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. देश निवडताना ‘भारत’ निवडता येतो. वय ४० ते ९०. वजन-उंची, आधीचं फ्रॅक्चर, आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, तंबाखूचं धूम्रपान, दारू, स्टेरॉइड, आमवात, असे मोजके प्रश्न. पुढच्या दहा वर्षांत खुबा मोडण्याची आणि एकंदर मोठी फ्रॅक्चर होण्याची शक्यता किती टक्के, ते आकड्यात कळतं. डेक्साचा आकडा हाताशी असेल तर तोही घालता येतो, नसला तरी चालतं. खटकणारी गोष्ट एकच: माणूस गेल्या वर्षात किती वेळा पडला, हे ती विचारत नाही. खुबा बहुतेक वेळा पडल्यामुळेच मोडतो. त्यामुळे वारंवार पडणाऱ्या आजींचा फ्रॅक्सचा आकडा बरा आला, तरी डॉक्टरांना पडण्याबद्दल आपण होऊन सांगा. आणि हा आकडा घरच्या घरी काढून औषध ठरवू नका. किती टक्क्यांना औषध द्यायचं, हे माणूस बघून ठरवावं लागतं.

टेप आणि भिंत

मला सगळ्यात मोलाची वाटणारी स्वस्त तपासणी म्हणजे उंची मोजणं. ठिसूळ मणका कधीकधी नुसतं वाकल्याने किंवा पाण्याची बादली उचलल्याने पुढच्या बाजूने दबतो. घरच्यांना वाटतं उसण भरली, बाम चोळला जातो, दोन आठवड्यांत दुखणं ओसरतं. कित्येकदा दुखतही नाही. मणक्याच्या अशा तीन फ्रॅक्चरपैकी सुमारे दोन डॉक्टरांपर्यंत पोचतच नाहीत. खूण उरते ती उंचीत. एकेक मणका दबत गेला की उंची कमी होते आणि पाठीला पोक येतं. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर, म्हणजे दीड इंच किंवा जास्त घट असेल, तर मणक्याचा एक्स-रे काढायला हवा.

मोजायची ती सकाळी, कारण दिवसभरात उंची थोडी कमी होते. चप्पल काढा. टाचा, पार्श्वभाग आणि खांदे भिंतीला टेकवून उभं राहा, नजर समोर. दुसऱ्या माणसाने पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक डोक्यावर आडवं, भिंतीशी काटकोनात धरायचं आणि त्याच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने खूण करायची. मग जमिनीपासून स्टीलच्या टेपने मोजा. शिलाईचा कापडी टेप ताणला जातो, तो नको. तारीख घालून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा आणि दर वाढदिवसाला परत मोजा.

तरुणपणची उंची कुठून आणायची? नोकरीला लागतानाच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर असते. नाहीतर लग्नासाठी केलेल्या पत्रिकेत किंवा बायोडेटात ‘उंची ५ फूट २ इंच’ असं लिहिलेलं सापडतं. तेव्हा इंचभर वाढवून लिहायची पद्धत होती, एवढं लक्षात घ्या. कागद नसेल तर बायकांना विचारा. जुना परकर आता जमिनीला लागतो, ओट्यावरच्या फळीवरचा डबा पूर्वी हाताला यायचा तो आता येत नाही, ही त्यांची निरीक्षणं अगदी नेमकी असतात.

भिंतीशी उभं असतानाच आणखी दोन गोष्टी बघता येतात. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवल्यावर डोक्याची मागची बाजू सहज टेकते का? हनुवटी वर न उचलता टेकत नसेल, मध्ये फट राहत असेल, तर छातीच्या मणक्यांत बाक आला असण्याची शक्यता आहे. आणि कमरेच्या बाजूला, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये बोटं आडवी ठेवून बघा. दोन बोटांपुरतीच किंवा त्याहून कमी जागा असेल, तर कमरेचे मणके खाली बसलेले असू शकतात. या खुणा पुस्तकी नाहीत, अभ्यासांत तपासल्या गेल्या आहेत. त्याच यादीत ५१ किलोपेक्षा कमी वजन हीही खूण येते, पण ती परदेशी बायकांवरून काढलेली. आपल्याकडे निम्म्या गावाचं वजन तेवढं नसतं, त्यामुळे नुसत्या त्या एका खुणेवर मी फार भिस्त ठेवणार नाही.

आशाताई तिशीपुढच्या माणसांचे मधुमेह-रक्तदाबाचे फॉर्म घरोघरी जाऊन भरतात. पाळी गेलेल्या बाईचं वय त्यांच्या हाताशी असतंच, वजन तेवढं करून घ्यायचं. एक वजाबाकी, ‘पडून काही मोडलं का’ हा एक प्रश्न आणि भिंतीवरची एक खूण, एवढं त्यात आलं तर जिल्ह्यातली कितीतरी खुब्याची फ्रॅक्चर आधी ओळखू येतील, असं मला मनापासून वाटतं.

बीएमडी कॅम्प आणि रक्ताच्या तपासण्या

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघात, कधी औषधांच्या दुकानाबाहेर फुकट ‘बीएमडी कॅम्प’, म्हणजे हाडांची घनता तपासण्याचा कॅम्प लागतो. टाचेला जेल लावून पाय यंत्रात ठेवतात, मिनिटभरात लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचा कागद हातात येतो. ‘उणे २.७’ वाचून बाई घाबरते आणि त्याच टेबलावरून कॅल्शियमचे डबे घेऊन घरी येते.

हे यंत्र सोनोग्राफीसारख्या ध्वनिलहरी टाचेच्या हाडातून सोडतं. लहरी किती वेगाने जातात, किती शोषल्या जातात, यावरून हाडाचा अंदाज बांधतं. किरणोत्सर्ग नाही, यंत्र रिक्षातून नेता येतं, खर्च कमी. म्हणजे चाळणी म्हणून ते उपयोगाचं आहे, विशेषतः पासष्टीपुढच्या बायकांत. गडबड होते ती आकडा वाचण्यात. उणे २.५ ही ऑस्टिओपोरोसिसची रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवली, आणि ती क्ष-किरणांनी मोजलेल्या घनतेसाठी आहे. टाचेच्या सोनोग्राफीचा उणे २.५ आणि खुब्याच्या डेक्साचा उणे २.५ हे एक नव्हेत. म्हणून कॅम्पच्या कागदावरून निदान करू नये आणि औषधही सुरू करू नये. लाल पट्टा आला तर डेक्साची चिठ्ठी घ्या. हिरवा आला पण पूर्वी मनगट मोडलेलं असेल, तर त्या हिरव्यावर विसंबू नका. मनगटाला किंवा नडगीला लावायचीही अशी यंत्रं निघाली आहेत, पण ऑस्टिओपोरोसिससाठी ग्राह्य धरलेली जागा फक्त टाच आहे.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल गैरसमज याहून मोठा. ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये कॅल्शियम नॉर्मल आलं की माणसं निश्चिंत होतात. पण रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीत राखणं हे शरीराचं पहिलं काम आहे, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. खाण्यातून कमी पडलं तर शरीर ते हाडांतून काढतं आणि रक्तातली पातळी टिकवतं. म्हणजे हाडं रिकामी होत असतानाही रिपोर्ट नॉर्मलच येतो. व्हिटॅमिन डी कमी असणं आपल्याकडे अतिशय सामान्य आहे आणि ते भरून काढायलाच हवं, पण डी कमी म्हणजे ऑस्टिओपोरोसिस नव्हे आणि डी नॉर्मल म्हणजे हाडं मजबूत असंही नाही. रक्ताची तपासणी लागते ती निदान झाल्यावर: थायरॉइड, पॅराथायरॉइड, मूत्रपिंड, मायलोमा (अस्थिमज्जेतला एक कॅन्सर) असं दुसरं काही मागे लपलंय का, हे शोधायला. साठ हजार युनिटचे डीचे साशे कुणी एकदा लिहून दिले म्हणून वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेत राहू नका, जास्त झालेलं डी धोक्याचं असतं.

घरातली जुनी फाइल

आपल्या घरांत एक्स-रेची पाकिटं गादीखाली वर्षानुवर्षं जपलेली असतात. ती बाहेर काढा. खोकल्यासाठी छातीचा बाजूने घेतलेला एक्स-रे असेल, तर त्यात मणके दिसतात. दबलेला मणका पुढून पाचरीसारखा निमुळता दिसतो. पण डॉक्टरांनी फुफ्फुसं बघायला मागवलेलं असतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये मणक्यांचा उल्लेख कधी येतो, कधी राहून जातो. मूतखड्यासाठी पोटाचा सीटी स्कॅन झाला असेल, तर त्यातही कमरेचा पहिला मणका आलेला असतो, आणि त्याच्या आतल्या भागाची घनता त्याच चित्रावरून मोजता येते. नवा खर्च नाही, नवा किरणोत्सर्ग नाही. दातांच्या डॉक्टरांनी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला असेल, तर खालच्या जबड्याच्या कडेचं हाड पातळ झालेलं, तीन मिलिमीटरपेक्षा कमी, दिसू शकतं. अशा वेळी त्यांनी ‘हाडांची तपासणी करून घ्या’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ. रेडिऑलॉजिस्टला आपण होऊन विचारायला संकोच नको: “यात मणका बसलेला दिसतो का?” दबलेला मणका सापडला आणि त्याला अपघात किंवा दुसरा आजार कारण नसेल, तर डेक्साचा आकडा काहीही असो, हाडं ठिसूळ आहेत असंच धरतात.

उलट बाजूने मात्र फसू नका. साध्या एक्स-रेत हाड फिकट दिसायला लागेपर्यंत तीस टक्क्यांच्या आसपास झीज होऊन गेलेली असते. ‘एक्स-रेत हाडं चांगली आहेत’ हे वाक्य दिलासा द्यायला पुरेसं नाही. साध्या एक्स-रेवरून खुब्यातल्या हाडांच्या रेषा बघून सहा पायऱ्यांत प्रतवारी करायची एक पद्धत भारतीय डॉक्टरांनी १९७० मध्ये मांडली, ती सिंग इंडेक्स म्हणून जगभर ओळखली जाते. डेक्सा नव्हती तेव्हा तिने मोठं काम केलं. पण एकाच एक्स-रेला दोन डॉक्टर वेगवेगळी पायरी देतात, म्हणून आज तिच्या एकटीच्या जोरावर निर्णय घेत नाहीत.

चाळणीच्या वर राहिलात, तर डेक्साला जा. सुई नाही, बोगद्यात शिरायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं सपाट झोपायचं. किरणांचा डोस इतका कमी, की आपल्याला निसर्गातून एक-दोन दिवसांत मिळतो त्याच्या जवळपासचा. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून घेऊ नका, न विरघळलेली गोळी मणक्यावर दिसून आकडा बिघडतो. झिप, हूक, धातूची बटणं नकोत. खुबा आणि कंबर दोन्ही मोजणार ना, हे विचारून घ्या.

रिपोर्टवर टी-स्कोअर असतो, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेत तुमचं हाड किती खाली आहे. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ ही मधली पायरी, उणे २.५ किंवा खाली ऑस्टिओपोरोसिस. सत्तरीपुढे मणक्यांना सांधेझिजेचे काटे आलेले असतात, ते धरून कमरेचा आकडा खोटा चांगला येतो. तिथे खुब्याचा आकडा जास्त विश्वासाचा. आणि डेक्सा हाडाचं क्षेत्रफळ धरून मोजते, जाडी नाही. त्यामुळे चणीने लहान बायकांचा आकडा थोडा जास्तच खाली दिसतो. मधल्या पायरीवर असलेल्या, सडपातळ, कधी काही न मोडलेल्या बाईने लगेच धसका घ्यायचं कारण नाही. तिथे फ्रॅक्ससारखी प्रश्नावली पुन्हा कामाला येते.

पुरुषांचं काय? पन्नाशीपुढच्या तीन बायकांतली एक आणि पाच पुरुषांतला एक, उरलेल्या आयुष्यात ठिसूळ हाडामुळे फ्रॅक्चर अनुभवतो, असा जागतिक अंदाज आहे. ओस्टा पुरुषांसाठी बनलेलं नाही, पण टेप आणि भिंत त्यांनाही तशीच लागू. दमा किंवा त्वचारोगासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोन रोखणारी इंजेक्शनं घेणारे, यांनी आपल्या डॉक्टरांना हाडांबद्दल जरूर विचारावं.

निदान झालं तर उपचार महाग असतात, ही भीतीही खरी नाही. अॅलेंड्रोनेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी जेनेरिकमध्ये मिळते. घ्यायची पद्धत मात्र काटेकोर: सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, दात काढायचे असतील, तर आधी सांगा. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषधही आहे.

डेक्सा चांगली आली तर दर वर्षी परत करण्यात पैसे घालवू नका. ६७ आणि त्यापुढच्या वयाच्या अमेरिकी बायकांवरचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये आला. ज्यांचा आकडा उणे १.५ च्या वर होता, त्यांच्यातल्या दहा टक्के बायका ऑस्टिओपोरोसिसपर्यंत पोचायला सुमारे पंधरा वर्षं लागली. उणे १.५ ते उणे २ मधल्यांना सुमारे पाच वर्षं, आणि उणे २ च्या खाली पण उणे २.५ च्या वर असलेल्यांना सुमारे एक वर्ष. तुमचा आकडा कुठे बसतो त्यावरून पुढची तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर करा, कारण दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. मध्ये स्टेरॉइड सुरू झालं, काही मोडलं किंवा कपाटाच्या दारावरची खूण खाली सरकली, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.